नातीची सही

२०२३ साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. जुलै महिन्यात नातीचा निकाल लागला. कॉमर्सचं शेवटचं वर्ष. तिनं मोबाइलवर कागद उघडून माझ्यासमोर धरला. पाच पेपरांपुढे आकडे होते आणि सहाव्यापुढे नुसती दोन इंग्रजी अक्षरं, ए आणि बी. मला वाटलं, दोन्ही वरची अक्षरं आहेत, म्हणजे पोरीनं काहीतरी मोठंच केलंय. पेढे आणायला मी चपला घातल्यासुद्धा. सून म्हणाली, "आबा, थांबा. गैरहजर लिहिलंय."

मी चौथी शिकलो. पाचवीची पुस्तकं घेतली आणि त्याच महिन्यात बापानं आपटा गावाहून उचलून पनवेलला आणलं, बैलगाडीची चाकं करणाऱ्या आपल्या शेठच्या कारखान्यात. तिथे मी पाटीपेन्सिल सोडून रंधा धरला. पुढे गाड्या गेल्या, चाकं गेली, मग मी दारं-खिडक्या केल्या. नव्या वसाहतींतल्या किती घरांची दारं माझ्या हातची आहेत ते मला माहीत नाही, आणि आत राहणाऱ्यांना तर नाहीच नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे लिहिलंय ते एका चौथी शिकलेल्या माणसानं लिहिलंय. कुणी शिकलेल्यानं हसायचं तर हसावं. शिकलेले कसे असतात ते त्या वर्षी मी जवळून पाहिलं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तो जासईला कंटेनरच्या यार्डात गेटवर असतो. आलेल्या-गेलेल्या गाडीचा नंबर आणि सीलचा नंबर लिहायचा, हे त्याचं काम. त्यानं निकाल बघितला आणि बूटसुद्धा न काढता विचारलं, "कुठे होतीस त्या दिवशी?"

"परीक्षेला," नात म्हणाली.

"मग हे काय?"

"मला काय माहीत पप्पा? पूर्ण वेळ बसले मी. दोन पुरवण्या लावल्या."

"हॉल तिकीट आण."

तिनं आणलं. त्या तिकिटावर प्रत्येक पेपरासमोर एक चौकट असते. वर्गावर जे कुणी असतात ते तिथं सही करतात. पाच चौकटींत सह्या होत्या. त्या एका पेपराची चौकट कोरी.

"त्या मॅडम विसरल्या असतील. मी लिहीत होते, माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज उतरला, आणि मुलाला तेवढंच पुरलं.

"आमच्याकडे गेटवर नोंद नाही म्हणजे गाडी आलीच नाही," तो म्हणाला.

त्यानं तिचा मोबाइल काढून घेतला. तिचा कॉम्प्युटरचा क्लास बंद झाला. एकटीनं बाहेर जायचं नाही, असं ठरलं. कुठे होती, कुणाबरोबर होती, हे शब्द त्यानं तोंडातून काढले नाहीत, पण घरात प्रत्येकाच्या कानात ते वाजत होते. शिवाय उरणच्या बाजूचं एक स्थळ आलंय, असं त्यानं दोन दिवसांनी जेवताना सांगून टाकलं. खाली मान घालून ती भात कालवत राहिली.

मी काय केलं, तेही लिहितो. घरात सांगितलं, डोळे दाखवायला जातो. आणि बस धरून खारघरला उतरलो, तिथून चालत बेलपाड्याला गेलो. तिथे नातीच्या मैत्रिणीचं घर. परीक्षेचं केंद्र दोघींना एकच मिळालं होतं. मैत्रीण घरी नव्हती, तिची आई दारात मासळी साफ करत बसली होती. मी विचारलं, त्या दिवशी आमची पोरगी पेपरला दिसली होती का, तुमची मुलगी तसं काही बोलली का.

बाईनं कोयता खाली ठेवला. "नाय बा. आमच्या पोरीनी काय तिला बगली नाय त्या दिवशी. आमची वरच्या मजल्यावर व्हती. का, काय झाला?"

"काही नाही," मी म्हणालो.

हे 'काही नाही' आठवड्याच्या आत फिरून आमच्याकडे आलं. सुनेला पनवेलच्या मासळी बाजारात एका बाईनं विचारलं, तुमची मुलगी पेपराला गेलीच नव्हती म्हणे. सून घरी येऊन रडली. हे बाहेर कुणी काढलं, म्हणून मुलगा चिडला. मी पेपर वाचत बसलो होतो. वाचत कसला, तोंडासमोर धरला होता.

मग मी कामाला लागलो. कॉलेजच्या खिडकीवर गेलो. तिथला बाबू म्हणाला, निकाल विद्यापीठाचा, विद्यापीठात जा. दोन गाड्या बदलून विद्यापीठात गेलो. तिथली बाई म्हणाली, कॉलेजचं पत्र आणा. पत्र आणलं. म्हणाली, यावर जावक नंबर नाही. जावक नंबर घालून आणला. तर ती बाई रजेवर, आणि तिच्या जागी बसलेला म्हणाला, हे आमच्याकडे येतच नाही, चौथ्या मजल्यावर जा. लिफ्ट फक्त अधिकाऱ्यांसाठी. चौथ्या मजल्यावर जाऊन मी भिंतीला टेकलो. दम घेता घेता समोरचा फलक वाचला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. माहितीचा अधिकार. नागरिकाला माहिती मागता येते, तीस दिवसांत मिळते. खाली अधिकाऱ्याच्या नावाची जागा होती, तिथे कागद चिकटवून नाव बदललेलं, त्यावर आणखी एक कागद, आणि तोही अर्धा फाटलेला.

मला ते पटलं. आमच्या धंद्यात हे होतंच. माझा बाप सांगायचा, गिऱ्हाइकानं म्हटलं सांधा उघडून दाखव, तर उघडून दाखवायचा. ज्याचा सांधा चांगला तो उघडायला घाबरत नाही. मला वाटलं, इथेही तसंच असेल. एवढी मोठी दगडी इमारत, एवढे शिकलेले लोक.

पनवेलला तहसील कचेरीबाहेर एक अर्ज लिहिणारा बसतो. माझ्याहून लहान, पण केस माझ्याहून पांढरे. त्यानं छापील नमुना काढला आणि विचारलं, "काका, मुलीच्या नावानं करू ना?"

"तिच्या का? माझ्या नावानं कर. घरातला कर्ता मी आहे."

"पेपर तिचा आहे, म्हणून म्हणतो."

"तू लिहू नकोस, मीच लिहितो."

आमच्या घरात कागदावर सही थोरल्यानं करायची. रेशनकार्डापासून लग्नाच्या यादीपर्यंत. मुलाच्या लग्नात यादीवर त्याची सही नव्हती, माझी होती, आणि लग्न काही मोडलं नाही. तेव्हा हा कोण मला शिकवणार? मी नमुना घरी नेला, सुताराच्या जाड पेन्सिलीनं आधी कच्चं लिहिलं, मग पेनानं पक्कं. दीडशे शब्दांच्या आत लिहायचं, असा नियम आहे. मला साठही लागले नाहीत. लिहिलं की, अमुक तारखेला अमुक नंबरची माझी नात परीक्षेला बसली होती की नाही? बसली असेल तर तिला गैरहजर का लिहिलं? जबाबदार कोण? दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, खाली सही केली. सही माझी झकास आहे. एवढी एकच गोष्ट मी शाळेत नीट शिकलो.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. हा एकोणतिसावा दिवस ते कसा साधतात कुणास ठाऊक. तिसाव्या दिवशी दंडाची भीती असते म्हणे. लिहिलं होतं की, आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने ती माहितीच्या व्याख्येत येत नाही. तसेच ती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने, पुढे कलम, कंसात आकडा, कंसात अक्षर, त्यानुसार नाकारण्यात येत आहे.

त्रयस्थ! जिचा पाळणा मी सागाच्या फळ्यांचा केला, खिळा न मारता, तिचा मी त्रयस्थ. मला शिसारी आली. कागदाला हात लावावासा वाटेना. खरकटी पत्रावळ असते ना, तसा तो दोन बोटांनी उचलून मी पिशवीत टाकला आणि अर्ज लिहिणाऱ्याकडे गेलो.

त्यानं वाचलं आणि हसला. हसला याचाच मला राग आला. म्हणाला, "काका, सरकारला का विचारायचं नाही. का विचारलं की ते सुटले. त्यांना म्हणायचं, अमुक कागद द्या. कागद आहे की नाही, एवढंच त्यांना कळतं."

"कुठला कागद?"

"ते तुमच्या नातीला माहीत असेल. ती बसली होती ना?"

त्याच्या त्या 'बसली होती ना'मध्ये खोच होती की नव्हती, मला ठरवता येईना. मी घरी आलो. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. निकाल लागल्यापासून दोन महिने मी तिला सरळ काही विचारलं नव्हतं. सगळ्यांना विचारत फिरलो होतो, तिला सोडून.

मी म्हणालो, "वर्गात काही कागद असतो का? म्हणजे, कोण आलं कोण नाही..."

"असतो," ती लगेच म्हणाली. जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती. "हजेरीचा. मॅडम घेऊन फिरतात. त्यावर आपला नंबर असतो, त्यासमोर उत्तरपत्रिकेचा नंबर लिहायचा आणि सही करायची. मी केलीये, आबा. माझं पेन चालेना म्हणून मॅडमनी त्यांचं पेन दिलं. हिरवं. वर्गात हिरवी सही माझी एकटीचीच असेल."

"मग आधी का नाही बोललीस?"

"कुणाशी?"

मी तिला आत बोलावलं आणि कोरा कागद पुढे ठेवला.

दुसरा अर्ज तिच्या नावानं, तिच्या हातानं, तिच्या सहीनं गेला. एकच वाक्य होतं त्यात. अमुक केंद्राच्या अमुक खोलीतल्या अमुक पेपराच्या हजेरीपत्रकाची प्रत मिळावी. मी जवळ बसून तिकीट लावलं.

त्यानंतर जे चाललं ते लिहिताना अजून तोंड कडू होतं. विद्यापीठानं अर्ज कॉलेजकडे पाठवला. कॉलेजनं कळवलं की सदर अभिलेख परीक्षा झाल्यावर विद्यापीठाकडे जमा केला आहे. विद्यापीठानं केंद्राकडे पाठवला. केंद्रानं कळवलं की सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. प्रत्येक कागदाची एक प्रत आम्हाला, माहितीसाठी. मागितलेली माहिती सोडून बाकी सगळी माहिती येत होती. शेवटी आलं की, शोध घेतला असता सदर अभिलेख आढळून येत नाही. मी खिडकीवर जाऊन विचारलं, आढळत नाही म्हणजे काय, उडून गेला? आतला बाबू पान चघळत म्हणाला, "आजोबा, सहा-आठ महिन्यांनी ते सगळं रद्दीत जातं. कशाला पाठी लागताय? मुलीला परत बसवा की पेपरला."

परत बसवा! म्हणजे ती नव्हती, हे कबूल करा. उरणचं स्थळ तोपर्यंत दोनदा निरोप पाठवून गेलं होतं. मुलगा म्हणत होता, डिसेंबरपर्यंत बघतो, मग माझ्या मनाप्रमाणे. तिकडे रद्दीची गाडी आणि इकडे हा. आम्ही अपील केलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुनावणीचं पत्र आलं.

मी धोतर नेसलो, काळी टोपी घातली. नात पाच महिन्यांनी पहिल्यांदा एवढ्या लांब बाहेर पडत होती. बसमध्ये खिडकीशी बसून नुसती बघत होती.

अपील ऐकणारे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. पुढ्यात चहा. बाजूला तो माहिती अधिकारी, ज्याच्या सहीची ती सगळी पत्रं. मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. चेहरा अगदी साधा होता, आपल्या शेजारच्यासारखा. त्याचीच मला जास्त चीड आली.

साहेब म्हणाले, "आपण कोण?"

"हिचा आजोबा."

"अर्जदार या आहेत. आपण बाहेर बसा."

"मी बाहेर बसणार नाही. पहिला अर्ज माझा होता."

"तो निकाली निघाला, आजोबा."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, तुम्ही बसा बाहेर. मी बोलते."

चार परक्या माणसांसमोर नातीनं मला बाहेर बसायला सांगितलं. उभ्या आयुष्यात मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी बाहेर आलो. पण त्या खोलीचं दार पावसात फुगलेलं होतं, चौकटीत बसत नव्हतं. ज्यानं केलं त्यानं ओलं लाकूड वापरलं असणार. बोटभर फट राहिली होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. वाईट सुतारकामाचे असेही उपकार होतात.

नात म्हणाली, "सर, मला उत्तर नको. तो कागद दाखवा. नसेल तर तो कधी आणि कुणाच्या सहीनं नष्ट केला, तो कागद दाखवा."

हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी नाही.

साहेब त्या अधिकाऱ्याला म्हणाले, "शोध घेतला म्हणून लिहिलंय तुम्ही. कुठे घेतला?"

"रेकॉर्डमध्ये, सर."

"खालच्या स्टोअरमध्ये बघितलं?"

तो म्हणाला, "सर, तिथे दिवा नाहीये."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. पत्र दिलंय सर, इलेक्ट्रिकलला."

मी बाहेर बाकावर बसून हे ऐकलं. पोरीचा क्लास सुटला, बाजारात नाव खराब झालं, लग्न ठरवायची वेळ आली, आणि का, तर तळमजल्यावर बल्ब नाही. एवढा वेळ हे लोक कलमं लिहीत होते आणि खाली कुणी उतरलंच नव्हतं. दगडी भिंतीवर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. तिथे आधीच पुष्कळ लोक थुंकून गेले होते.

साहेब म्हणाले, "मोबाइलची बॅटरी लावा आणि बघा जाऊन."

अर्ध्या तासात तो अधिकारी गठ्ठा घेऊन वर आला. डोक्याला जळमटं, हात काळे, आणि तोंड असं हसरं, जणू विहिरीतून पोर काढलंय. "सापडलं बघा!" जाता जाता तो मलाही म्हणाला. जसे काही आम्ही दोघं मिळून शोधत होतो.

झेरॉक्स देण्याआधी त्यांनी बाकीच्या पोरांची नावं आणि सह्या काळ्या केल्या. ते त्रयस्थ. मधे एकच ओळ पांढरी राहिली. नंबर, उत्तरपत्रिकेचा नंबर आणि सही. झेरॉक्सवर ती करडी दिसत होती, पण मूळ कागद साहेबांनी तिला दाखवला. हिरवी होती, असं तिनं मला जिना उतरताना सांगितलं. उत्तरपत्रिका दुसऱ्याच केंद्राच्या गठ्ठ्यात गेली असणार, आता ती शोधून तपासतील आणि निकाल दुरुस्त करतील, नियमानुसार वेळ लागेल, असं साहेब म्हणाले. चुकलं, असं त्या खोलीत कुणी म्हणालं नाही. साहेब नाही, तो बॅटरीवाला नाही. चहासुद्धा त्यांनी आपापला प्यायला.

संध्याकाळी मुलगा आला. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, उलटा करून मागचं बघितलं, गेटवर चलान बघतात तसं. म्हणाला, "बरं झालं." कपाटातून तिचा मोबाइल काढून टेबलावर ठेवला, टीव्ही लावला. उरणकडे काय कळवायचं, ते सुनेनं विचारलं, तर म्हणाला, "सांग, अजून शिकतेय."

मग माझं तोंड सुटलं. जेवताना मी विद्यापीठाचा सगळा उद्धार केला. म्हटलं, एवढे शिकलेले, एवढी वर्षं पगार खातात, एका पोरीच्या नावाला काळं फासलं, आणि चुकलं म्हणायला जीभ उचलत नाही? आम्ही चौथी शिकलेले, पण चाक वाकडं निघालं तर गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन सांगायचो, शेठ, चुकलं, बदलून देतो. मुलगा मान खाली घालून जेवत होता. मला वाटलं, त्याला लागतंय. लागू दे म्हटलं, त्यालाही लागायला पाहिजेच.

नातीनं माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही बेलपाड्याला डोळे दाखवायला गेला होतात ना?"

मी वाटी खाली ठेवली.

"माझी मैत्रीण पुस्तक परत द्यायला आली होती, तेव्हाच सांगितलं तिनं. ऑगस्टमध्ये." तिच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. "भात देऊ?"

म्हणजे इतके महिने तिला माहीत होतं. अर्जाला तिकीट लावताना मी शेजारी बसलो होतो तेव्हाही, आणि बसमध्येही. मुलानं माझ्याकडे बघितलं. मी भात नको म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं बेलपाड्याला गेलो. घरात सांगून गेलो, कुठे जातो ते. झेरॉक्स घडी करून खिशात होती. बाई दारातच होती, बाजूच्या नळावर आणखी दोघी कळशा भरत होत्या. मला बघून म्हणाली, "या आजोबा. आता काय इचारायचा हाय?"

मी म्हणालो, "आमची नात त्या दिवशी पेपरला होती. ही तिची सही. मी इथे येऊन ते विचारलं, ते माझं चुकलं." नळावरच्या दोघींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो. मग कागद बाईपुढे धरला.

बाईनं पदराला हात पुसले, कागद घेतला, उलटसुलट केला. वाचता येत नसावं तिला. तिनं आत मुलीला हाक मारली. "अगो, भायेर ये. आजोबा कागद घेऊन आल्यान. नीट वाच, आमाला ऐकू येल असा."

मुलगी केस विंचरता विंचरता बाहेर आली आणि दारात उभी राहून वाचू लागली. तिचं वाचून होईपर्यंत मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो.